भाव काय मिळाला? सात खेपा, तीन आकडे

ताई,

आम्ही येवला तालुक्यातले कांदा उत्पादक. यंदा उन्हाळ कांद्याच्या सात खेपा बाजार समितीत विकल्या. विक्रीच्या पावत्या, म्हणजे हिशोबपट्ट्या, मीच वहीत उतरवते. विकले त्या क्रमाने क्विंटलचे भाव असे: १,२५०, १,३१०, १,४००, १,२८०, १,३५०, १,२२०, २,६५०. त्याच क्रमाने वजनं: २४, २५, २०, २५, २०, २५ आणि ११ क्विंटल. पहिल्या सहा खेपा ट्रॅक्टरच्या, मे-जूनमधल्या. शेवटची पिकअपची. कांदा साठवायच्या चाळीतला निवडक माल भाव चढल्यावर सप्टेंबरात नेला.

दादा म्हणतो, सरासरी १,४९४ येते, म्हणजे आपल्याला पंधराशेचा भाव पडला. अण्णा म्हणतात, पंधराशे कुठून आणलेस, आपला कांदा तेराशेनंच गेला. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मध्यक काढला तर १,३१० आला. दादानं वहीतला चौथा आकडा बोटानं दाखवला आणि म्हणाला, मधला तर १,२८० आहे. त्यातच शेजारच्या वस्तीवरचे आमचे चुलते, तात्या, सांगतात की त्यांचा मध्यक १,४४० आला, म्हणजे त्यांनी आमच्यापेक्षा चांगला विकला. त्यांच्या सहा खेपा अशा: एप्रिलमध्ये शेतातूनच १,१००, १,१५०, १,१८०, ऑगस्टमध्ये चाळीतून १,७००, १,७५०, १,८००.

आमची आठवी खेप गोल्टीची, म्हणजे बारीक कांद्याची, जायची आहे, ९०० च्या आसपास जाईल. ती यात धरायची का? खरा भाव कोणता? आणि मध्यक नुसता परीक्षेपुरता असतो का?

— वहीवाली


वहीवाली,

अण्णांचं बरोबर आहे. तुझा मध्यकही बरोबर आहे. दादाची बेरीज आणि भागाकार दोन्ही नीट आहेत, पण त्यातून जो आकडा निघाला तो तुमच्या घरातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही. तात्यांच्या आकड्याचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे नंतर येते.

आधी मध्यक हाताने काढू, म्हणजे दादाच्या १,२८० चा निकाल लागेल. वहीतला क्रम हा तारखांचा क्रम आहे. कोणती खेप आधी गेली एवढंच तो सांगतो, कोणता भाव मधला हे सांगत नाही. भाव चढत्या क्रमाने लाव: १,२२०, १,२५०, १,२८०, १,३१०, १,३५०, १,४००, २,६५०. आता दोन्ही टोकांचा एकेक खोड. १,२२० आणि २,६५० गेले. मग १,२५० आणि १,४०० गेले. मग १,२८० आणि १,३५०. उरला १,३१०. याच्या खाली तीन खेपा, याच्या वर तीन. मध्यक म्हणजे एवढंच. दादानं चौथा आकडा धरला, पण क्रम न लावता. तुझ्या वहीत योगायोगाने तो खऱ्या मध्यकाच्या जवळ पडला, त्यामुळे चूक लहान दिसते. पिकअप चौथ्या दिवशी गेली असती तर त्याचा 'मधला' २,६५० निघाला असता.

नववीच्या पुस्तकात प्राप्तांक चढत्या क्रमाने लावायला सांगतात ते यासाठीच, आणि परीक्षेत गुण इथेच जातात. दुसरी नेहमीची घसरण म्हणजे सातात एक मिळवून दोनाने भागायचं, चार आले की 'मध्यक ४' लिहून मोकळं व्हायचं. चार हा जागेचा नंबर झाला. त्या जागेवर कोण बसलंय ते लिहायचं असतं. तिसरी घसरण सारख्या आकड्यांची. एकच भाव तीन खेपांना मिळाला असेल तर तो तीनदा लिहायचा. १,२५०, १,२५०, १,२५०, १,३१०, १,४०० यांचा मध्यक १,२५० आहे. 'तेच तेच कशाला' म्हणून एकदाच लिहिलास तर तो १,३१० होऊन बसतो. आणि दहावीचं ते वर्गांतराचं लांबलचक सूत्र इथे काढू नकोस. मूळ आकडे हातात नसतात, नुसते गट असतात, तेव्हाची ती सोय आहे. तुझ्याकडे पट्ट्या आहेत.

आता दादा. त्यानं सात भावांची बेरीज केली, १०,४६०, आणि सातानं भागलं. या सरासरीत ११ क्विंटलच्या पिकअपचं मत आणि २५ क्विंटलच्या ट्रॅक्टरचं मत सारखंच धरलं गेलं. पैसे तसे येत नाहीत. प्रत्येक खेपेचा भाव वजनाने गुण: ३०,०००, ३२,७५०, २८,०००, ३२,०००, २७,०००, ३०,५०० आणि पिकअपचे २९,१५०. एकूण २,०९,४०० रुपये. एकूण कांदा १५० क्विंटल. भाग दिलास की १,३९६ येतात. क्विंटलमागे घरात आलेला पैसा तो हा, अर्थात हमाली-तोलाई वजा व्हायच्या आधीचा. दादाच्या १,४९४ ला १५० ने गुणलंस तर २,२४,१०० होतात. म्हणजे १४,७०० रुपये त्यानं कागदावर जास्तीचे मिळवले. खताच्या दुकानदाराला ते देता येणार नाहीत.

हे दादाला सांगताना एक गोष्ट आवर्जून दाखव. त्याच्या १,४९४ च्या वर फक्त एक खेप आहे. सहाच्या सहा ट्रॅक्टर त्याच्या खाली गेलेत. ज्या भावाच्या वर सातातली एकच खेप आहे, त्याला 'आपला भाव' म्हटलं की अण्णांना राग येणारच. उन्हात लिलावाच्या रांगेत ते उभे होते. त्यांच्या डोळ्यासमोर सहा वेळा बाराशे-तेराशे-चौदाशेच पुकारला गेला.

मग मध्यकाने पैसे मोजायचे का? नाही. १,३१० ला १५० ने गुणलंस तर १,९६,५०० होतात, प्रत्यक्षापेक्षा १२,९०० कमी. मध्यक पिकअपला 'वरच्या बाजूची एक खेप' एवढंच मानतो. ती २,६५० ला गेली की १,४१० ला, त्याला फरक पडत नाही. तुमच्या तिजोरीला मात्र पडतो. म्हणून एकूण किती आले, कर्जाचा हप्ता बसतो का, खर्च निघाला का, असले प्रश्न आले की वजनासकट काढलेली सरासरीच घ्यायची, १,३९६. आणि 'साधारण ट्रॅक्टर नेला तर काय मिळायचं' असा प्रश्न आला की मध्यक, १,३१०. 'भाव काय मिळाला' या तीन शब्दांत हे दोन्ही प्रश्न बसलेत. दादा पहिला विचारत होता, अण्णा दुसऱ्याचं उत्तर देत होते.

तुला शंका येईल की सरासरीत वजन धरलं, मग मध्यकात का नाही? धरून बघ. चढत्या भावाने क्विंटल मोजत जा: १,२२० चे २५, त्यात १,२५० चे २४ मिळवले की ४९, त्यात १,२८० चे २५ की ७४. १५० चा निम्मा ७५. म्हणजे मधला क्विंटल १,३१० च्या ट्रॅक्टरमध्ये सापडला, अगदी त्याच्या सुरुवातीलाच. खेपा मोजल्या काय, क्विंटल मोजले काय, उत्तर एकच आलं. दर वेळी असं होईलच असं नाही. एखादी खेप फारच मोठी असेल तर क्विंटल मोजणंच योग्य.

मध्यकाचं खरं बळ मला तुझ्या वहीतच दाखवायचंय. समज, लिहिताना पिकअपच्या भावात एक शून्य जास्त पडलं, २,६५० चे २६,५०० झाले. दादाची सरासरी थेट ४,९०१ वर जाईल. मध्यक १,३१० वरून हलणार नाही. सात आकड्यांतले तीन आकडे कितीही बिघडले, तरी मध्यक उरलेल्या चार चांगल्या आकड्यांच्या बाहेर जाऊ शकत नाही. चौथा बिघडला की मात्र भरवसा संपला. अर्थात यामुळेच नुसता मध्यक बघणाऱ्याला वहीतली चूक कळतही नाही. म्हणून मी दोन्ही काढते. दोघांत फार अंतर दिसलं की पट्ट्या पुन्हा उघडायच्या. एक तर लिहिण्यात चूक असते, नाहीतर एखादी खेप बाकीच्यांहून वेगळी असते. दोन्ही गोष्टी कळायलाच हव्यात.

गोल्टीचं. ती धरलीस तर आठ आकडे होतील आणि मधोमध एक न राहता दोन राहतील, १,२८० आणि १,३१०. त्यांच्या बरोबर मध्ये १,२९५, तो मध्यक. त्या भावाने तुमची एकही खेप गेलेली नाही, पण आकडे सम असले की असं व्हायचंच, त्यात गैर काही नाही. गंमत बघ: गोल्टी न धरता पिकअप काढून टाकलीस, नुसते सहा ट्रॅक्टर ठेवलेस, तरी मध्यक १,२९५ च येतो. खाली एक घाल नाहीतर वरचा एक काढ, मधली जागा सारखीच अर्धं पाऊल खाली सरकते. कागदावर दोनदा करून बघ, मध्यक कशावर टेकलाय ते हाताला कळेल.

पण धरायची का, याचं उत्तर गणितात नाही, कांद्यात आहे. पैशाच्या हिशोबात गोल्टी धरायचीच. तीही तुमच्याच शेतातली आणि तिचेही पैसे येणार. भावाची तुलना करताना मात्र तिला वेगळ्या ओळीत ठेव. गोल्टीचा लिलाव मोठ्या कांद्याशी स्पर्धा करत नाही. तात्यांनी आपल्या सहा आकड्यांत गोल्टी धरली नसेल आणि तू धरलीस, तर तू स्वतःच्या घराला उगाच खाली दाखवशील.

आता तात्यांचा १,४४०. गणिताने तो चोख आहे: सहा आकडे, मधले दोन १,१८० आणि १,७००, त्यांच्या मध्ये १,४४०. सरासरी काढलीस तर १,४४७ येते. दोन्ही जवळजवळ सारखे! पुस्तकी समज अशी की सरासरी आणि मध्यक जुळले म्हणजे माहिती सरळ आहे, निश्चिंत व्हावं. इथे तसं मानलंस तर फसशील. तात्यांची एकही खेप १,४४० च्या जवळपाससुद्धा गेलेली नाही. खाली तीन आकड्यांचा एक घोळका, वर तीन आकड्यांचा दुसरा, आणि मधल्या ५२० रुपयांत कोणीच नाही. मध्यक त्या रिकाम्या जागेत उभा आहे.

अशा मध्यकावर भार टाकता येत नाही. तात्यांनी आणखी एक ट्रॅक्टर १,१९० ला विकला तर मध्यक १,१९० होईल. तोच ट्रॅक्टर १,६९० ला गेला तर १,६९०. एका खेपेने पाचशे रुपयांचा फरक! मघाशी मी म्हटलं की मध्यक टोकाच्या आकड्याला दाद देत नाही, ते खरं, पण मधोमध पोकळी असेल तर तो एका आकड्याने इकडून तिकडे जातो. थोड्या आकड्यांत हे वारंवार होतं आणि वर्गात कोणी सांगत नाही. म्हणून दहापेक्षा कमी आकडे असतील तर मध्यक एकटा कुणापुढे ठेवू नये. सगळे आकडेच ओळीने लिहून दाखवावेत. जागा लागते किती? एक ओळ.

तात्यांच्या बाबतीत पोकळी का आहे हेही तू पत्रातच लिहिलंयस. तीन खेपा एप्रिलच्या, तीन ऑगस्टच्या. हे दोन वेगळे बाजार झाले. त्यांचे दोन मध्यक सांगावेत: एप्रिलचा १,१५०, ऑगस्टचा १,७५०. तुमचे सहा ट्रॅक्टर मे-जूनचे, मध्यक १,२९५. शेजारी शेजारी ठेवलंस की दिसेल, चाळ न वापरता विकलेल्या कांद्याला तुम्हाला तात्यांपेक्षा जास्त मिळाले. चाळीतल्या कांद्याची बरोबरी करायला तुमच्याकडे एकच पिकअप आहे, आणि ती निवडक मालाची, महिनाभर उशिरा गेलेली. एका खेपेवरून मी काहीच म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस.

मध्यक परीक्षेपुरता असतो का, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत बघितली असशील. शेवटच्या रेषेपाशी स्टॉपवॉच घेऊन माणसं उभी असतात. ॲथलेटिक्सचा आंतरराष्ट्रीय नियम असा: हाताने वेळ घेताना तीन घड्याळं असतील आणि तिन्हींची वेळ वेगळी आली, तर मधली वेळ अधिकृत धरायची. दोन जुळली आणि तिसरं वेगळं निघालं, तर जुळलेल्या दोघांची. नीट बघ, दोन्ही वेळा तो मध्यकच आहे. ११.४, ११.४ आणि ११.९ यांचा मधला आकडा ११.४ च. एकाचा अंगठा उशिरा दाबला गेला म्हणून धावणाऱ्या पोराच्या वेळेत सेकंदाचा दहावा भागही वाढत नाही. सरासरी घेतली असती तर वाढला असता. तीनच आकडे, तरी मध्यकाने एका माणसाची चूक पूर्ण बाजूला काढली. आणि दोनच घड्याळं असतील, वेळा जुळल्या नाहीत, तर? मध्यक काढायचा म्हटला तरी त्या दोघांच्या अधेमधेच उभं राहावं लागतं, कोण चुकलं ते कळायला मार्ग नाही. म्हणून तिथे नियम सरळ जास्तीची वेळ धरतो. कोणालाही फुकटची वेगवान वेळ मिळू नये असा त्याचा रोख आहे.

शेतकऱ्याच्या घरात सांगण्यासारखी आणखी एक हकिकत. इंग्लंडात प्लिमथ इथल्या पशुप्रदर्शनात १९०६ साली एका बैलाचं वजन ओळखायची पैज लागली होती. कापून साफ केल्यावर मांस किती भरेल, ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकांनी त्या चिठ्ठ्या मिळवल्या आणि वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांचा मधला आकडा काढला: १,२०७ पौंड. त्यांनी १९०७ मध्ये हे छापलं तेव्हा प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड दिलं होतं. इतक्या लोकांचा मधला अंदाज शंभरात एकानेसुद्धा चुकला नव्हता. मधलाच का, याचं त्यांचं कारण पटण्यासारखं आहे: त्याच्यापेक्षा कुठलाही दुसरा आकडा घेतला, तर निम्म्याहून जास्त लोक त्याला एकतर फार कमी म्हणतील नाहीतर फार जास्त.

तुझ्या उपयोगाचं यातून हे निघतं. तुम्ही ट्रॅक्टर घेऊन आवारात पोचता तेव्हा आज बाजार काय चाललाय ते कळायला हवं असतं. बाजार समितीचे दर रोज तीन रकान्यांत येतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. पुष्कळ जण पहिल्या दोघांची बेरीज करून निम्मं करतात आणि त्याला सरासरी म्हणतात. ती सवय मोडायला हवी. त्या दोन टोकांवर एकेकच वाहन असू शकतं, एखादं खराब मालाचं, एखादं सुपर मालाचं. बहुतेक माल कुठल्या भावाने गेला ते तिसऱ्या रकान्यात असतं. पण तो दिवस उलटल्यावर कळतो. लिलाव चालू असताना काय करायचं?

नुकताच लिलाव झालेल्या पाच वाहनांचा भाव विचार. ती कशीही निवडलेली हवीत, वेगवेगळ्या रांगांतली. ओळखीच्यांची नकोत आणि फक्त चांगल्या दिसणाऱ्या मालाचीही नकोत. त्या पाचांतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भाव लिहून ठेव. त्या वेळपर्यंतच्या सगळ्या बाजाराचा मध्यक या दोघांच्या मध्ये असण्याची शक्यता किती असेल? जवळजवळ ९४ टक्के. पाचच वाहनं विचारून! यात जादू नाही. कुठलंही एक वाहन बाजाराच्या मध्यकाच्या वर असण्याची शक्यता निम्मी, खाली असण्याची निम्मी, नाण्याच्या छाप्या-काट्यासारखी. मध्यक तुझ्या पाचांच्या बाहेर तेव्हाच राहील, जेव्हा पाचही वर निघतील किंवा पाचही खाली. लागोपाठ पाच छापे पडण्याची शक्यता बत्तीसात एक, पाच काटे पडण्याचीही बत्तीसात एक. दोन्ही मिळून सोळात एक. उरले सोळातले पंधरा. भाव मागच्या वर्षीचे असोत की पुढच्या, कांदा असो की मका, हा हिशोब बदलत नाही. सहा वाहनं विचारलीस तर शक्यता ९७ टक्क्यांच्या घरात जाते. एवढं मात्र पाळायचं की निवड खरोखर आंधळी हवी. सगळी पाच वाहनं एकाच गावची, एकाच दिवशी काढलेल्या कांद्याची असली, तर ती पाच नव्हेत, एकच धरायला हवं.

म्हणूनच तुझ्या सात खेपांवरून 'येवल्याचा यंदाचा भाव' काढता येणार नाही. त्या तुमच्या शेतातल्या, तुम्ही निवडलेल्या दिवशीच्या खेपा आहेत. तुमच्या घराचा भाव त्या अचूक सांगतात, तालुक्याचा नाही.

शेवटी तात्यांचं राहिलेलं. त्यांचा ऑगस्टचा १,७५० बघून दादा पुढच्या वर्षी सगळा कांदा चाळीत भरू म्हणेल, असा मला अंदाज आहे. मध्यकावरून ते ठरवू नका. पट्टीवरचा भाव हा विकल्या गेलेल्या कांद्याचा भाव असतो. चाळीत जो वजनाने घटला, सडला, कोंब येऊन फेकला गेला, त्याची पट्टीच होत नाही, म्हणून तो तुझ्या किंवा तात्यांच्या कुठल्याच मध्यकात येत नाही. समज, शंभर क्विंटल कांदा आहे. एप्रिलमध्ये १,१५० ने विकला तर १,१५,००० येतात. चाळीत भरून ऑगस्टात १,७५० ने विकला, तर तेवढेच पैसे व्हायला किमान ६६ क्विंटल धड निघायला हवा. ६५ निघाला तर १,१३,७५०, म्हणजे भाव सहाशेने जास्त मिळूनही तोटा, आणि यात चाळीचा खर्च, निवडणाऱ्या बायांची मजुरी धरलेलीच नाही. ७५ निघाला तर १,३१,२५० होतात आणि मग विचार करण्यासारखं आहे.

तेव्हा तात्यांना मध्यकावरून चिडवण्यापेक्षा दोन आकडे विचार: मे महिन्यात चाळीत किती क्विंटल भरला आणि ऑगस्टात काट्यावर किती भरला. त्यांनी लिहून ठेवलं नसेल तर यंदा त्यांची वहीही तूच कर. भाव, वजन, तारीख आणि माल कुठून निघाला, शेतातून की चाळीतून, एवढे चार रकाने पुरतील. गोल्टीची पट्टी आली की तिला पाचवा.